तुम्ही विचारलंत म्हणून : ज्याच्याकडून जनावर हरवलं त्यालाच ते परत का?

सापडलेलं कुत्रं किंवा मांजर आणायचं, बरं करायचं, आणि चांगलं नवं घर तयार असतानाही त्याच्या जुन्या मालकाला शोधत बसायचं, हे कशासाठी? "ज्याने याची ही दशा केली त्याच्याच हवाली करणार?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेकदा चिडून. चिडणारी माणसं मला आवडतात, कारण फॉस्टर म्हणून, म्हणजे जनावराला तात्पुरतं आपल्या घरी सांभाळत, आजारी जनावरापाशी रात्रभर जागणारीही तीच असतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

'ही दशा' कुणी केली, हे आपल्याला मुळात माहीतच नसतं. लांब केसांच्या कुत्र्याला काही आठवडे विंचरलं नाही की कानामागे आणि काखेत जटा धरतात. गवतात एक रात्र काढली तरी गोचीड लागतात. पोटात काही गेलं नाही तर थोड्याच दिवसांत बरगड्या दिसायला लागतात. परवापरवापर्यंत गादीवर लोळणारं जनावर महिन्याभरात असं होऊ शकतं, की बघणाऱ्याने मालकाला शिव्याच घालाव्यात. त्याच्या अंगावरून ते किती दिवस बाहेर आहे याचा अंदाज करता येतो. घरात असताना त्याचं कसं चाललं होतं, ते त्यावरून कळत नाही.

मग लोक दुसरा पुरावा देतात तो भीतीचा. "हात वर केला की अंग चोरतं, म्हणजे मारत असणार." असेलही. पण पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतानाचा काळ त्याची जगाशी ओळख होण्याचा असतो. त्या काळात जी माणसं, जे आवाज, ज्या वस्तू त्याच्यासमोर आल्या नाहीत, त्यांना ते पुढे आयुष्यभर बिचकू शकतं. टोपी घातलेला माणूस, उघडलेली छत्री, साधा झाडू. काही कुत्री तर उपजतच भित्री असतात. आणि हरवतात कोण? बऱ्याचदा हीच. फटाका वाजतो, दार उघडं असतं, पट्ट्यातून मान निसटते आणि कुत्रं सुसाट सुटतं. धीट कुत्रं पहिल्या ओळखीच्या-अनोळखी माणसाकडे शेपटी हलवत जातं आणि संध्याकाळी घरी असतं. भित्रं कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून ते जास्त दिवस बाहेर राहतं, जास्त वाळतं, आणि आपल्यापर्यंत येतं तेव्हा सगळ्यांत दीनवाणं दिसतं. सगळ्यांत जास्त छळलेलं वाटणारं जनावर निव्वळ सगळ्यांत जास्त घाबरट असू शकतं, ते असं.

खरा छळ नसतोच असं मी म्हणत नाही. साखळीने पडलेले जुने वळ, चुकीच्या जागी सांधलेली हाडं, भाजल्याच्या खुणा डॉक्टरला ओळखता येतात. तसं काही दिसलं तर फोटो काढून, डॉक्टरचं लेखी मत घेऊन तक्रार करायची, आणि जनावर परत द्यायचं नाही. पण तो निर्णय तपासणीच्या टेबलावर घ्यायचा असतो, आपल्याला आलेल्या रागावर नाही.

अंदाजाने मालकाला दोषी ठरवलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण २००५ सालचं. अमेरिकेत कतरिना वादळ आलं, तेव्हा बचावाच्या वाहनांत आणि निवाऱ्यांत बहुतेक ठिकाणी जनावरांना जागा नव्हती. माणसं जीव मुठीत धरून निघाली, कुत्री-मांजरं मागे राहिली. स्वयंसेवकांनी हजारो जनावरं पाण्यातून सोडवली आणि ती दूरदूरच्या शहरांत नेली, तिथे कित्येक दत्तकही गेली. घरदार गमावलेली माणसं सावरून शोधायला आली, तेव्हा काही नव्या कुटुंबांनी परत द्यायला नकार दिला आणि प्रकरणं कोर्टात गेली. 'तुम्ही टाकून गेलात' हा त्यातला आरोप, आणि 'आम्हाला नेऊच दिलं नाही' हे उत्तर. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की आपत्तीच्या नियोजनात पाळीव जनावरंही धरलीच पाहिजेत. दोन्ही बाजूंना त्या जनावरावर माया होती, म्हणून तर हे भांडण इतकं वाईट.

आता शोध म्हणजे नक्की काय करते, तेही सांगते, कारण 'शोधत बसते' म्हटलं की नुसतं बसणंच डोळ्यांसमोर येतं. पहिलं काम चिप, म्हणजे ओळख पटावी म्हणून जनावराला बसवलेली मायक्रोचिप, आहे का ते बघणं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली. तिच्यात बॅटरी नसते आणि ती जनावर कुठे आहे तेही सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की पंधरा आकडी नंबर दिसतो, बस्स. कधीकधी ती सरकून खांद्यावर किंवा पायाकडे गेलेली असते, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून सावकाश फिरवावा लागतो. नंबर मिळाला तरी त्याच्यापुढे नोंदवलेला मालकाचा फोन चालू असेल तरच उपयोग. २००९ साली अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिप असलेली सुमारे ५२ टक्के कुत्री मालकांकडे परत गेली होती, एकूण कुत्र्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. मांजरांचे आकडे ३८ आणि जेमतेम २. मालक सापडला नाही तिथे सगळ्यांत मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर.

मांजरांचा तो २ चा आकडा मला फार बोचतो. मांजर फिरतीवरच असतं, येईल आपलं, असं घरचे म्हणतात, आणि ज्याला सापडतं तो म्हणतो, याला कोणी नाही. दोघंही शोधत नाहीत. प्रत्यक्षात मांजर फार लांब जात नाही. हजाराहून जास्त हरवलेल्या मांजरांवरचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच होती. म्हणून तुमचं मांजर हरवलं तर पोस्टर नंतर, आधी टॉर्च. रात्री सामसूम झाल्यावर जिन्याखाली, गाड्यांखाली, शेजाऱ्यांच्या बंद खोल्यांत, जमिनीलगत प्रकाश टाकत जायचं. डोळे चमकतात. हाक मारली तरी ते उत्तर देणार नाही. घाबरलेलं मांजर गप्प राहूनच जीव वाचवतं.

कुत्र्याचं उलट. घाबरून पळालेलं कुत्रं काही दिवसांनी खुद्द मालकालाही ओळख देत नाही, हाक मारली तर आणखी लांब जातं. अशा वेळी दहा जणांनी घेरून त्याला पकडायला धावणं म्हणजे त्याला सरळ रहदारीत ढकलणं. खाली बसावं, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करावी, डोळ्यांत बघू नये, वासाचं काहीतरी खायला टाकत राहावं. हे ऐकायला सोपं आहे, करताना मात्र मदतीला आलेल्या उत्साही मंडळींना आवरण्यातच अर्धा जीव जातो.

मालक म्हणून फोन करणारे सगळेच मालक नसतात. म्हणून सापडलेल्या जनावराच्या फोटोत मी एक खूण कधीच दाखवत नाही. पोटावरचा डाग, एका पंजाचं पांढरं बोट, असं काहीतरी. ते समोरच्याने सांगावं. जुने फोटो, लशींचं कार्ड मागते. कुत्र्याने भेटल्यावर उड्या मारल्या हा पुरावा मी धरत नाही, काही कुत्री पोस्टमनलाही तसंच भेटतात! आणि तुमचं जनावर हरवलं असेल तर हेच उलट बाजूने: 'सापडलंय, आधी पैसे पाठवा' म्हणणाऱ्याला, तुम्ही पोस्टरवर मुद्दाम न दाखवलेल्या खुणेबद्दल विचारा, फोन आपोआप बंद होतो.

कधीकधी मालक सापडतो आणि म्हणतो, नको आता. घर बदललं, नोकरी गेली, सांभाळणारं माणूस वारलं. तुमच्या रागाला इथे खरी जागा आहे असं तुम्हाला वाटेल. मला तो नकार सोपा वाटतो. मी फक्त सोडत असल्याचं लिहून घेते आणि विचारते : याला काय आवडतं, कशाची भीती आहे, मुलांशी कसा आहे, कधी चावलाय का? ओरडून काही मिळत नाही. शरमलेला माणूस फोन उचलायचा थांबतो, आणि पुढचं जनावर रात्री गुपचूप कुठेतरी सोडून येतो. नव्या घराला मात्र ही माहिती सोन्यासारखी असते, कारण पहिले काही दिवस जनावर आपला खरा स्वभाव दाखवतच नाही.

आणि शोधूनही कोणी आलं नाही तर? मग नवं घर, निर्धास्तपणे. किती दिवस थांबायचं हे ठिकठिकाणच्या नियमांप्रमाणे बदलतं. ब्रिटनमध्ये पालिकेकडे आलेल्या भटक्या कुत्र्यासाठी सात दिवस ठेवले आहेत. मी माझ्याकडच्यांना त्याहून जास्त देते आणि तेवढ्या काळात नवं कुटुंब ठरलेलं असेल तर त्यांना फॉस्टर म्हणून आधीच घरी न्यायला सांगते, म्हणजे जनावराचे दिवस पिंजऱ्यात जात नाहीत. मालक आला तर परत द्यावं लागेल, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घेते. काहीजण तिथेच नाही म्हणतात. चालतं.

द्यायच्या दिवशी पट्टा हातात देण्याआधी आम्ही तिथेच बसून चिपची नोंद नव्या नावावर आणि चालू नंबरवर करतो, चिप नसेल तर आधी बसवून घेतो. 'घरी गेल्यावर करतो' याला मी नाही म्हणते.