पप्पांची येझदी आणि पन्हाळ्याचा उतार

रविवारी पप्पांच्या येझदी मोटारसायकलवरून पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळजवळ पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट ग्रिपला टेकली! निपलापाशी, म्हणजे केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळ्यापाशी, दोनच तारा उरलेल्या. मागच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गिअरवर कशीबशी खाली आलो. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, थ्रॉटल सोडल्यावर गाडी रोखून धरायची त्याची ताकद मुळात कमी. त्यात थ्रॉटल मिटवून ठेवलं की पेट्रोलबरोबर इंजिनात जाणारं ऑईलही आटतं, म्हणून अधेमधे जरा पिळायचं, ही पप्पांची शिकवण.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे सुट्या भागांची पंचाईत. 'ओरिजिनल' म्हणून मिळालेली केबल बोटभर आखूड निघाली. शेवटी जुनी केबल नमुन्याला देऊन बनवून घेतली. ब्रेक कॅमचा (ब्रेक शू फाकवणाऱ्या दांड्याचा) झिजलेला बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी मोजून गनमेटलचा काढून दिला. पैसे घेईनात, चहावर भागवलं.