मोटर जळलेली नसते हो

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खेळण्यातली आगगाडी बंद पडली की लोक निदान करूनच येतात, "ताई, मोटर जळली." मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, सोल्डरिंग आयर्न धरता येतं, एवढ्या भांडवलावर गल्लीतल्या गाड्या माझ्या टेबलावर येऊन पडतात. मोटर जळलेली क्वचितच निघते. दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर चालणारी ती इवलीशी मोटर भारी चिवट असते.

आधी कान लावायचा. बटण दाबल्यावर आत मोटर किंचाळतेय आणि चाकं ढिम्म, तर मोटर ठणठणीत आहे, तिच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, तडकलीय. भिंगातून पाहा, दोन दातांच्या मधोमध, अगदी बुडाशी केसाएवढी चीर दिसेल. दांडा २ मिलिमीटरचा, पिनियनचं भोक मुद्दाम किंचित लहान, म्हणजे ती घट्ट बसावी. पण त्यामुळे प्लॅस्टिक जन्मभर ताणलेलंच राहतं, आणि जिथे ते सगळ्यात पातळ तिथेच एक दिवस फाटतं. मग दांडा आतल्या आत फिरतो.

इथे बहुतेक वडीलमंडळी फेविक्विक काढतात. नका काढू. दांडा आत असेपर्यंत ती चीर मिटूच शकत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांमधलं अंतर वाढलेलंच राहतं आणि दर फेऱ्याला गाडी टक् टक् करत अडखळते. शिवाय तो पातळ गोंद दांड्यावरून ओघळून मोटरच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्या कडीत फिरतो तिच्यात, शिरला, की मग मात्र मोटर खरंच गेली.

नवी पिनियन काही रुपयांत मिळते, पण दुकानात "एक छोटं गिअर द्या" म्हणून चालत नाही. दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा, आणि व्यासाला दातांची संख्या अधिक दोन याने भागा. दहा दात आणि ६ मिलिमीटर व्यास, म्हणजे ०.५ मॉड्यूल, दातांच्या आकाराचं माप. हा आकडा जुळला नाही तर दात एकमेकांना खाणार. बसवताना दांड्याचं मागचं टोक टेबलावर टेकवून मगच दाबायचं, नाहीतर दांडा मागे सरकून मोटरचं झाकणच उखडतं. वर सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढं. शिलाई मशीनचं तेल नको.

आवाजच नसेल तर गडबड तारेत. तार तुटते ती बहुधा टाक्याच्या, म्हणजे सोल्डरच्या जोडाच्या, शेजारी. टाका घालताना वितळलेलं सोल्डर तारेच्या बारीक तंतूंत वर चढतं, तो भाग कडक होतो, आणि कडक भाग संपतो तिथे हलून हलून तंतू तुटत जातात. नवा टाका घातल्यावर तार ग्लूगनच्या थेंबाने गाडीच्या अंगाला चिकटवा, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही.

सेल गळलेला असला तर जास्त कटकट. साध्या स्वस्त सेलचं पाणी आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी असेल तर लिंबाचा रस. हे उलटसुलट केलं तर काहीच साधत नाही. तारेचं प्लॅस्टिक सोलल्यावर आत तांबं काळं दिसलं तर टाका धरतच नाही, लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं.

परवा एका पोराने विचारलं, जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरच्या चांदीच्या गाडीत सेल कुठे घालतात? म्हटलं, तिला वीज रुळांतूनच मिळते रे, आणि डब्यावरची बाटली उचलली की ती थांबते. शिंद्यांची ती ऐट! ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी छोटी लाईन या पोरांनी बघितलीच नाही, २०२० मध्ये ती बंद झाली. दोन फुटी रुळांवरची ती गाडी माझ्या माहेरच्यांनी जन्मभर वापरली.

आणि हो, मोटर न फिरता नुसती घुं घुं करतेय आणि तापतेय, तर बटण लगेच बंद करून गाडी उलटी करा. चाकाच्या आसाभोवती केस आणि सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात. चिमट्याने काढा, माझ्याकडे येऊ नका. यायचंच असेल तर सेल काढून या.