फाईल बघून क्लास बनवायचा तर

फोंड्याला बसून काजू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर बघतो मी. वाळपईकडून, सांग्याहून एक्सेलच्या फायली येतात आणि प्रत्येकाचे कॉलम वेगळे, कोणाचं नुसतं वजन नि दर, कोणी मध्येच ओलावा घालतो. मग क्लास, म्हणजे एका ओळीच्या माहितीचा साचा, आधी लिहून ठेवणार कसला? म्हणून डॉटनेटमधलं रिफ्लेक्शन एमिट घेतलं, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच नवा क्लास बनवायची सोय; फाईल उघडली की कॉलम बघून क्लास तिथल्या तिथे तयार.

असेंब्लीबिल्डर (असेंब्ली म्हणजे तयार कोडचं गाठोडं), त्यात मॉड्यूलबिल्डर, त्यात टाईपबिल्डर (टाईप म्हणजे इथे आपला क्लासच), इथवर सोपं आहे. नुसते पब्लिक फील्ड टाकून भागत नाही हां, पडद्यावर तक्ता दाखवणाऱ्या ग्रिडला प्रॉपर्टी लागतात, म्हणजे किंमत वाचणाऱ्या-भरणाऱ्या गेटर-सेटरच्या मेथड आपणच बनवायच्या आणि आतला आयएल कोड, म्हणजे डॉटनेटचा मधल्या पातळीवरचा कोडही आपणच लिहायचा. सेटरला चारच ओळी: एलडीआर्ग झिरो (ऑब्जेक्ट स्टॅकवर, म्हणजे कामापुरत्या चळतीवर ठेवा), एलडीआर्ग वन (त्यावर किंमत ठेवा), एसटीफील्ड (किंमत फील्डमध्ये भरा), रेट (परत जा). त्यातली पहिलीच माझी सुटली. क्लास पक्का करणारं क्रिएटटाईप हूं की चूं न करता पार पडलं, ऑब्जेक्टसुद्धा बनला, आणि वजन भरायला गेलो तिथे इन्व्हॅलिड प्रोग्रॅम एक्सेप्शन! कारण मेथड पहिल्यांदा बोलावली की मगच जिट, म्हणजे आयएलचा मशीन कोड करणारा भाग, ती तपासतो, आणि एसटीफील्डला स्टॅकवर दोन गोष्टी लागतात, ऑब्जेक्ट आणि किंमत, तिथे होती एकच. ओळ नंबर वगैरे काही मिळत नाही, कागदावर स्टॅक काढत बसलो तेव्हा कुठे सापडलं.

पण खरा त्रास पुढे झाला. भर सीझनमध्ये प्रोग्रॅमची मेमरी चढत गेली ती उतरेचना. मी प्रत्येक फाईलला नवा टाईप बनवत होतो, आणि असेंब्ली रन मोडमध्ये केली की तिच्यातले टाईप प्रोसेस बंद होईपर्यंत जात नाहीत. रनअँडकलेक्ट म्हणून मोड आहे, त्यात कोणी वापरत नसलेली असेंब्ली गार्बेज कलेक्टर उचलतो, पण मला मुळात तोच क्लास शंभरदा बनवणंच चुकीचं वाटलं. म्हणून कॉलमच्या नावांची चावी करून टाईप डिक्शनरीत ठेवले आणि मेमरी जागेवर आली. तुम्ही हे करत असाल तर चावीत कॉलमचा प्रकारही घाला, आमच्याकडे दराच्या कॉलममध्ये एकाने आकड्याऐवजी ‘मागीर सांगता’ (कोंकणीत, नंतर सांगतो) लिहून पाठवलं होतं.