ओम्नीची सेव्हन: चौदावा महिना, खर्चाची वही

जुन्या मारुती ओम्नीच्या भागांतून मी घरीच लोटस सेव्हनसारखी (ब्रिटनची छोटी, उघडी स्पोर्ट्स कार) गाडी बांधतोय. तिचे मागचे फोटो टाकल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न: किती पैसे लागले? घ्या, वहीच उघडतो.

नागपूरच्या कामठी रोडवरच्या कबाड्याकडची ओम्नी ३८,०००ला पडली. दारं, काचा, सीटा विकून ९,५०० परत आले. ओम्नीच का? सेव्हनला हवी तशीच मांडणी: इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा) आणि मागचा एक्सल. मारुती ८००चं ७९६ सीसी इंजिन त्याच जातीचं, पण ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. म्हणून बाद.

इतवारीच्या लोहा ओळीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, २५ मिलिमीटर चौकोनी, १६ गेज जाडीचे १२ पाइप आणले. ८४ किलो, ६,७०० रुपये. राजेहो, अख्ख्या चेसिसचं, म्हणजे सांगाड्याचं, लोखंड पावणेसात हजारात! त्यावर ग्राइंडरच्या चकत्या, वेल्डिंगची वायर, गॅस आणि नटबोल्ट यांनी १४,२०० खाल्ले.

त्यातला बराच वाटा माझ्या उतावळेपणाचा. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली सकाळी नऊनंतर उभं राहवत नाही, म्हणून उजवी बाजू एका दमात वेल्ड करून टाकली. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड ओढलं गेलं; थंड झाल्यावर टेप लावला, तर चौकटीच्या दोन कर्णांत ७ मिलिमीटरचा फरक. जोड कापले. या वेळी आधी सगळीकडे वेल्डिंगचे नुसते छोटे टाके मारले, कर्ण जुळवले, मग एक जोड इकडचा, एक तिकडचा. आता फरक १ मिलिमीटर आहे, तेवढा चालतो.

शाफ्टचंही तेच. इंजिनची जागा पक्की व्हायच्या आधीच कापून घेतला, मग इंजिन चार बोटं मागे सरकवावं लागलं. पुन्हा कापणं, वेल्डिंग, बॅलन्सिंग. ३,८०० दोनदा.

सस्पेन्शनचे विशबोन, बॉलजॉइंट, शॉकअप २२,४००, बारा इंची टायर १०,४००, इंजिनकाम २१,०००. आजवर १,१०,८००. फायबरची बॉडी, वायरिंग, रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान), सीट धरून आणखी ७०,००० तरी जातील. वेल्डिंग मशीन आणि हत्यारांचे २६,००० मी वहीत लिहिलेच नव्हते. ते घरच्यांनी लिहिले, लाल पेनानं.

म्हणजे दोन लाख सात हजारांच्या घरात. पुण्यातल्या एका हौशी माणसानं अशीच तयार गाडी मला २,७५,०००ला देऊ केली होती. अडुसष्ट हजार वाचतील, पण माझे ४१० तास आताच झालेत. पूर्ण होईस्तोवर सहाशे. तासाला शंभर-सव्वाशे रुपये पडले, बाप्पा.

मूळ लोटस सेव्हन किटमध्ये, म्हणजे सुट्या भागांत घेऊन घरी जोडली की, स्वस्त पडायची ती नुसती मजुरी वाचल्यामुळे नव्हे. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. १९७३ला व्हॅट आला आणि ती सवलत गेली. तिथे आजही किट बांधून तपासणी पास केली की नंबर मिळतो. आपल्याकडे टाइप अप्रूव्हलशिवाय (त्या मॉडेलला मिळणारी सरकारी मान्यता) घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे माझी काटोलकडच्या शेतातच फिरणार, टेम्पोतून जाऊन. टेम्पोचे पैसे तयार गाडी घेतली असती तरी तेवढेच लागले असते, म्हणून धरले नाहीत.

दिवाळीपर्यंत गाडीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, साचा काढायचाय. पीओपीचा काढू की थर्माकोलचा, यावर अडलोय. कोणी केला असेल तर सांगा.