रंग जातो कुठे?

सोलापुरात चादर घेताना विचारायचा प्रश्न एकच: "रंग जात नाही ना?" आणि उत्तरही ठरलेलं: "पहिल्या धुण्याला सुटंल जरासा ताई, मग नाही." गेल्या रविवारी ते पहिलं धुणं झालं. लालभडक चादर भिजत घातली. तळाशी ह्यांचा पांढरा बनियन राहिलाय, हे बादली गुलाबी झाल्यावर कळलं. पिळून उन्हात धरला तर गंमत, कापड फिकट गुलाबी, पण शिवणीचा दोरा चांगला राणी रंगाचा. पाण्यातला रंग सगळीकडे सारखा बसत नाही.

रंग 'जातो' असं आपण म्हणतो. पण जातो कुठे?

पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरनेही 1885च्या सुमारास हेच पाहिलं. त्याने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा. त्याला वाटलं, मेंदूला तो रंग धरतच नसेल. आमच्या पूर्व भागातला रंगारीसुद्धा हेच म्हणाला असता, सुताचा रंग पॉलिस्टर कुठे धरतं? पण 1913 साली एर्लिखचाच शिष्य एडविन गोल्डमन याने उलटं करून पाहिलं. ट्रिपॅन ब्लू (हा मुळात सुती कापडाचाच रंग!) त्याने मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळाशार झाला, बाकी अंग तसंच. म्हणजे धाग्याचा दोष नव्हता; रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत होती.

भिंत म्हटली की मोरी आलीच. पुढे सशांच्या मेंदूत किरणोत्सारी खूण लावलेलं प्रथिन सोडलं, तर त्यातलं काही मानेतल्या लसिकाग्रंथींत सापडलं. लहानपणी घसा धरला की आई जबड्याखाली बोटं दाबून "गाठी आल्यात" म्हणायची, त्याच गाठींच्या गोतावळ्यातल्या या खोलवरच्या. मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्या, म्हणजे अशा ग्रंथींकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या, तर उंदरांत 2015 साली नीट दिसल्या. इतकी वर्षं तिथे असं काही नाहीच असं धरून चालले होते, याचं मला फार बरं वाटतं. बादलीच्या तळाचा बनियन माझ्याच एकटीच्या नजरेतून सुटतो असं नाही.

आणि हे मेंदूभोवतीचं पाणी तरी किती? एका वेळी जेमतेम 150 मिलिलीटर, पण दिवसाला 500च्या आसपास नवं तयार होतं. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा पाणी बदलणं. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड येतं. डोक्यात काय थाट आहे बघा!

बनियन फेकायला निघाले तर ह्यांनी काढून घेतला. "आतलं कुणाला दिसतंय?" म्हणाले आणि घालून गेले. संध्याकाळी उन्हातून आले. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, घामाच्या जागी, पसाभर गुलाबी.