अलर्ट, वॉर्निंग, डेंजर: सांगलीच्या पावसाळ्यातले शब्द

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. इंग्रजी बुलेटिनमध्ये पहिलीला ‘वॉर्निंग लेव्हल’, दुसरीला ‘डेंजर लेव्हल’ म्हणतात. हवामान खात्याचा क्रम मात्र वेगळा: यलो म्हणजे ‘वॉच’, ऑरेंज ‘अलर्ट’, रेड ‘वॉर्निंग’. म्हणजे नदीच्या भाषेत ‘वॉर्निंग’ ही पहिली पायरी, तर पावसाच्या भाषेत शेवटची. व्हॉट्सॲपवर निम्मा गोंधळ इथेच होतो.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. रंग हा जिल्ह्यातल्या पावसाचा असतो, नदीचा नव्हे. सांगलीला ग्रीन (म्हणजे इशारा नाही) आणि साताऱ्याच्या घाटमाथ्याला रेड असेल, तर नजर कोयना धरणाच्या विसर्गावर, म्हणजे तिथून सोडलेल्या पाण्यावर हवी. आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा येतो. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास सोडले की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. ते सांगलीत लगेच पोचत नाही, त्यामुळे आवराआवरीला थोडा वेळ मिळतो.

‘हॅझार्ड’ आणि ‘रिस्क’ही एक नव्हेत. पूर हा हॅझार्ड, म्हणजे नुकसान करू शकणारी गोष्ट. रिस्क म्हणजे प्रत्यक्ष नुकसानीची शक्यता, ती घरागणिक बदलते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात ४० फुटांच्या आधीच पाणी शिरतं, तिथे ‘डेंजर लेव्हल’ची वाट बघणं वेडेपणाच. आपल्या उंबऱ्याला किती फुटांवर पाणी लागतं, तो आकडा मीटरच्या पेटीवर खडूने नको, ऑइलपेंटने लिहा.

‘थ्रेट’ शब्द पुराला लावू नये. त्यात बहुधा कुणाचा तरी हेतू असतो, कृष्णेचा नसतो.