काचेखालचा कागद

सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी काही वर्षं होतो. काम काय, तर नवीन सिस्टिम आली की ब्रांचमधल्या लोकांना ती शिकवायची, मग त्यांचे फोन घ्यायचे आणि फोन फारच वाढले की परत शिकवायला जायचं. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, मदत स्क्रीनवरच टाका. मग आम्ही दोनशे पानी मॅन्युअल उचललं आणि एका प्रश्नचिन्हामागे ठेवून दिलं. झाली परफॉर्मन्स सपोर्ट सिस्टिम, म्हणजे काम करता करता जागेवरच मदत देणारी सोय, तयार!

महिनाभराने एका तालुक्याच्या ब्रांचला गेलो. काउंटरवरच्या मॅडमच्या टेबलावर काच, काचेखाली गणपतीचा फोटो आणि त्याच्या बाजूला वहीचं फाडलेलं पान, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं. '६० च्या आत १५जी, ६० आणि वर १५एच.' 'नवीन नॉमिनी डीए१, बदल डीए३.' (१५जी, १५एच म्हणजे व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून ग्राहक भरून द्यायचे ते फॉर्म, डीएवाले नॉमिनीचे.) खाली दोनचार मेनूचे कोड. मी म्हटलं मॅडम हे सगळं आत आहे की, ते प्रश्नचिन्ह दाबा. तर म्हणाल्या, "अहो सर, ते दाबलं की अख्खं पुस्तक उघडतं. समोर एप्रिलची लाइन लागलीय, मी पुस्तक वाचू का फॉर्म घेऊ?"

काय बोलणार!

ग्लोरिया गेरी या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्येच या विषयावर पुस्तक लिहून ठेवलंय. त्यांच्या मांडणीत मदत तीन प्रकारची: कामाच्या पूर्ण बाहेरची, सिस्टिममध्ये असलेली पण वेगळी उघडावी लागणारी, आणि कामातच मुरलेली. आमची दुसऱ्या प्रकारची, आणि त्यातही आळशी. बरं, ग्राहकाची जन्मतारीख सिस्टिमकडे आधीपासून होती, म्हणजे १५जी की १५एच हा प्रश्न मॅडमला पडायलाच नको होता. आम्ही तिथे टीप लिहायच्या ऐवजी वय बघून योग्य तोच फॉर्म उघडायला लावला. फॉर्म चुकला की व्याजावर टीडीएस कापला जायचा आणि आजोबा पासबुक घेऊन भांडायला यायचे, ते बऱ्यापैकी थांबलं.

जिथे हे जमत नव्हतं तिथे पिवळ्या चौकटीत दोन ओळींची टीप टाकली. आता हे चालतंय का ते मोजायचं कसं यावर मीटिंगमध्ये जाम वाद. साहेबांना स्मायलीवाला फीडबॅक हवा होता. डेव्हलपर म्हणाला टीपवरचे क्लिक मोजू, पण क्लिक कमी झाले तर लोक शिकले म्हणायचं का कंटाळले? मी म्हटलं चुकलेल्या एंट्र्या किती उलटवाव्या लागल्या आणि हेल्पडेस्कला त्याच प्रश्नाचे फोन किती आले ते आधीच्या महिन्यांशी लावून बघा. (ट्रेनिंगनंतरची परीक्षा तर मोजूच नये, कागद बघायला मिळाला नाही तर मॅडमही नापास होतील आणि काम मात्र उत्तम करतील.)

नंतर मुद्दाम त्याच ब्रांचला गेलो. काचेखाली १५एचच्या ओळीवर काट मारलेली, मी मनातून खूश. मग खाली बघितलं तर नवीन ओळ, लाल पेनने: 'पिवळी चौकट आली की एस्केप दोनदा.'